जैतूनबीची चूक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. कांदळपाड्यात भरती-ओहोटी मोजतात, वर्षं मोजत नाहीत. खाडीला तेव्हा धक्का नव्हता. कांदळवन थेट उंबऱ्यापर्यंत यायचं, आणि पाड्यात सतरा घरं होती, सगळी सिद्द्यांची. त्यांच्या पणज्यांना कधीकाळी जहाजांत कोंबून दर्यापलीकडून आणलं होतं. ज्या गावाहून आणलं त्याचं नाव कुणालाच आठवत नव्हतं. आठवत होती ती फक्त गोधडी शिवायची तऱ्हा.

ती तऱ्हा आधी ऐका, म्हणजे पुढचं कळेल. इतर बायका गोधडीला या टोकाकडून त्या टोकाकडे दोरा घालतात. कांदळपाड्याची बाई कडेपासून सुरू करते आणि गोल गोल फिरत आत येते. चार कोपऱ्यांना कापडाची चार फुलं हवीत, नाहीतर गोधडी नागडी. आणि अगदी मधोमध तांदळाचे चार दाणे ठेवून त्यावर शेवटचं ठिगळ, कारण गोधडीचं पोट रिकामं राहू नये.

अशी गोधडी शिवण्यात जैतूनबीचा हात धरणारं कुणी नव्हतं. उंच, काळीभोर बाई, हाताची बोटं लांब. दिवसभर मिठागरात राबायची आणि दुपारच्या सावलीत सुई धरायची. बाजारात तिला नावाने कुणी हाक मारत नसे, "ए काळे" म्हणत. पण एक कौतुक मात्र सगळे करायचे. म्हणायचे, सिद्दीण म्हणजे दगडाची पाठ, सिद्दीण कधी रडत नाही.

खरी गंमत अशी की पाड्यातल्या बायकांनाही हे खरंच वाटायचं. त्यांना त्याचा तोराच होता म्हणा ना. कुणाचं मूल गेलं, कुणाचा नवरा गेला, तर चौथ्या दिवशी बाई कोरड्या डोळ्यांनी मिठागरात हजर. त्या ओझ्याखाली किती जणी आतून मोडल्या, ते खाडीलाच ठाऊक.

एका वर्षी जैतूनबीचा एकुलता एक मुलगा मुबारक होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. चौथ्या दिवशी जैतूनबी मिठागरात गेली. तिची सून सफूरा मात्र पडवीत भिंतीला टेकून बसली ती बसलीच. रडली नाही, बोलली नाही. मांडीवर पाच महिन्यांची पोर, अंबरी. सफूराचं दूध आटलं. शेळीचं दूध पाजावं तर अंबरी ओकून टाकायची.

बटूलफुपी ही पाड्याची सुईण. तिने पोरीच्या टाळूवर हात ठेवला आणि जैतूनबीला बाजूला घेतलं.

"आठ दिस, जैतून. त्याच्या आत आईला दूध फुटलं तर फुटलं. नायतर पोर जाईल."

"तिला मी सांगितलं गो, सिद्दीण हायस, धीर धर."

"धीरच तर धरून बसलीय ती," बटूलफुपी म्हणाली.

जैतूनबी घरात आली आणि तिने चिंध्यांचं गाठोडं सोडलं. असं म्हणतात की तिच्या मनात उपाय वगैरे काहीच नव्हतं. नातीची हाडं वर आली होती, निदान ऊब तरी मिळावी, एवढंच. ती सुनेसमोर बसली आणि तिने पहिलं ठिगळ कडेला लावलं. हात चालला तसं तोंडही चालायला लागलं. गप्प राहवेना, दुसरं काय.

"हे हिरवं माझ्या आजीच्या ओढणीचं. आजी कशी आली ठाऊक हाय? लोक म्हणतात जहाजातून. खोटं. देवमाशाच्या पाठीवर बसून आली, आणि माशाला वाटेत लिमलेट चारत आली."

त्या काळी लिमलेट नव्हतं, हे जैतूनबीलाही माहीत होतं. पण गोष्ट सांगताना तिला कोण अडवणार? हे लाल ठिगळ मावशीचं, तिने मिठागराच्या मुकादमाला चिखलात लोळवलं. हे पट्ट्यांचं शेजारणीचं, तिला खेकडे घाबरायचे. कालवं काढून परतणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून ऐकत बसल्या. असं म्हणतात की दोऱ्याचं एकच रीळ सहा दिवस पुरलं. असंही म्हणतात की गोष्ट रंगात आली की भरतीचं पाणी पडवीच्या पायरीशी येऊन थांबायचं आणि गोष्ट संपल्याशिवाय मागे फिरायचं नाही. सफूरा मात्र ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. तिचे डोळे सुईच्या मागे फिरत होते, एवढंच.

सातव्या दिवशी गोधडी मध्यापर्यंत आली. अंबरीचं रडणंही आता ऐकू येईनासं झालं होतं. जैतूनबीने चार दाणे तांदूळ ठेवले, उठली आणि खुंटीवरचा मुबारकचा सदरा काढला. फिकट पिवळा, बाहीवर मोठा काळपट डाग. तिने बाही कापली.

"हा माझ्या मुबारकचा," ती म्हणाली. "आणि हा डाग होडीच्या डांबराचा. कामाचा भारी होता माझा पोर. डांबर लावताना..."

"डांबराचा नाय, अम्मा."

बायका दचकल्या. जैतूनबीने मान वर केली नाही. "डांबराचाच," ती म्हणाली. "त्यानेच सांगितलं मला."

"खोटं सांगितलं तुम्हांला," सफूरा म्हणाली. आवाज गंजलेला होता. "जांभळाचा हाय. अंबरी पोटात होती, मला जांभळं हवी होती. तो मशिदीमागच्या झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. जांभळांवरच पडला. म्हणाला, अम्माला सांगू नको, बायकोसाठी झाडावर चढला म्हणून अख्खा पाडा हसेल. मी इतकी हसले अम्मा, इतकी हसले..."

आणि हसले हसले म्हणताना ती रडायला लागली. भरतीला बांध फुटावा तशी रडली. जैतूनबीने सुई टाकली, सुनेला जवळ ओढलं आणि तीही रडली. सतरा घरांतल्या बायका रडल्या, आपापल्या जुन्या मेलेल्यांसाठी, राहून गेलेलं सगळं रडणं. असं म्हणतात की त्या दिवशी खाडीचं पाणी वीतभर वाढलं. संध्याकाळच्या आत सफूराची चोळी ओली झाली आणि अंबरी प्यायली.

आता वाद हा की जैतूनबी चुकली की मुद्दाम चुकली. काही म्हणतात, बिचारीला खरंच माहीत नव्हतं. बटूलफुपी मरेपर्यंत म्हणत होती, "वर्षभर ज्या आईने तो सदरा धुतला तिला डांबर आणि जांभूळ कळत नाय होय?" जैतूनबीला विचारलं तर ती दोरा तोडायची आणि दुसरीच गोष्ट काढायची.

मग खाडीपलीकडच्या बायका येऊ लागल्या, आपापलं ठिगळ घेऊन. "ए काळे" म्हणणाऱ्याही आल्या. तिने सगळ्यांना बसवून घेतलं; त्यांना आधी 'जैतूनबी' हे नाव मात्र नीट म्हणायला लावलं. फार म्हातारी झाल्यावर एका सकाळी तिने तीच गोधडी पाण्यावर अंथरली, वर बसली आणि ओहोटीबरोबर निघून गेली, नाव विसरलेल्या त्या गावाकडे. अंबरीने हे स्वतः पाहिलं, असं म्हणतात.

आजही कांदळपाड्यात एखाद्या बाईवर दुःख कोसळलं की बायका एकेक ठिगळ घेऊन तिच्या पडवीत जमतात. कडेपासून शिवत आत येतात, आणि प्रत्येक ठिगळाची गोष्ट सांगावीच लागते, खरी किंवा रचलेली. मधलं ठिगळ गेलेल्या माणसाचं असतं. त्याची गोष्ट सगळ्यांत वयस्क बाई सांगते, आणि जाणूनबुजून एक चूक करते. सिद्दीण रडत नाही, असं तिथे आता कुणी म्हणत नाही. म्हातारी कापडावर बोट ठेवते, "हा डांबराचाच डाग असेल, बाय," म्हणते, आणि मग सगळ्या जणी सुया खाली ठेवून थांबतात.