डोईपट्टी आणि साळिंदरांचा नाईक

दक्षिण आफ्रिकेत, झुलू लोकांच्या मुलखातल्या एका खोल दरीत साळिंदरांची एक टोळी राहत असे. जमीन उकरावी, कंद काढावेत, बिळात पिले वाढवावीत, असा त्यांचा सुखाचा संसार होता. पुढे समुद्रापलीकडून लांडगे आले. त्यांनी दरीवरची टेकडी बळकावली आणि फर्मान काढले, "दरसाल बिळामागे एक कंद द्यायचा." साळिंदरांनी कुरकुरत तो दिला. मग एका वर्षी टोळांनी सारे रान फस्त केले. नेमके त्याच वर्षी दुसरे फर्मान आले, "आता बिळामागे नाही, डोक्यामागे एक कंद. ही डोईपट्टी. सूट कोणालाही नाही."

साळिंदरांचा नाईक वयाने थकलेला होता, पण तो स्वतः टेकडी चढून गेला. "तुम्ही मांस खाणारे," तो लांडग्यांच्या सरदाराला म्हणाला, "तुम्हाला आमचे कंद कशाला हवेत?"

सरदार मोठ्याने हसला. "कंद कोणाला हवेत? तुमच्याजवळ ते उरले नाहीत, म्हणजे तुम्ही निमूटपणे आमच्या गुहा खणायला याल. आम्हाला हवेत तुमचे पंजे!"

नाईक परत आला आणि त्याने टोळीला सगळे सांगितले. शेजारचा ससा घाबरून म्हणाला, "नाईक, देऊन टाका काय ते. लांडग्यांशी वैर धरून कोणाचं भलं झालंय?"

"सशा, आज त्यांना डोकं मोजू दिलं, तर उद्या ते आपल्या धडावर राहील, पण आपलं राहील का?" नाईक म्हणाला. टोळीतला एकही साळिंदर त्या वर्षी कंद घेऊन टेकडीवर गेला नाही.

लांडगे वसुलीला दरीत उतरले. साळिंदरांनी त्यांच्याकडे पाठ केली, काटे फुलवले आणि उलट्या पावली ते त्यांच्यावर धावून गेले. नाकातोंडात काटे रुतलेले लांडगे केकाटत पळाले. लांडगा पळताना त्या रानाने प्रथमच पाहिला! महिनाभर साळिंदरांनी दरी राखली. अखेर एका पहाटे, धुके दाट असताना, लांडग्यांनी शेकड्यांनी येऊन दरीची दोन्ही तोंडे अडवली. नाईक सर्वांत पुढे लढता लढता पडला. त्याच्याभोवती कितीतरी जण पडले.

उरलेल्यांना एका रांगेत उभे करून सरदार म्हणाला, "आता आम्ही ठरवू तोच तुमचा नाईक. मेलेल्याची आठवणसुद्धा काढायची नाही. बोल गं म्हातारे, कोण तुमचा नाईक?"

रांगेत पहिली नाईकाची बायको होती. तिच्या अंगावरचे निम्मे काटे लढाईत गेले होते. ती शांतपणे म्हणाली, "जो दरीत पडला, तो."

सरदाराने दुसऱ्याला विचारले. तोही म्हणाला, "जो दरीत पडला, तो." तिसरा तेच म्हणाला. थेट शेवटच्या पिलापर्यंत सरदाराला दुसरे उत्तर मिळाले नाही. पट्टी त्याने वसूल केली, पण नाईक मात्र त्याला नेमता आला नाही. पुढे लांडग्यांची सत्ता गेली. साळिंदरांच्या बिळांत मात्र आजही पिलांना कोणी विचारले, तर ती मान ताठ करून सांगतात, आमचा नाईक दरीत पडला, पण वाकला नाही.

तात्पर्य : अन्यायापुढे न वाकणारा रणात पडला, तरी त्याची आठवण अभिमानाने जपणारे आहेत तोवर तो हरत नाही.