भात्याची छाती

फार पूर्वी, अवजारं आपापलं काम आपणच करायची तेव्हा, ढगांना टेकलेल्या एका डोंगरावर लोहारशाळा होती. तिथल्या भट्टीच्या ठिणग्या धुराड्यातून वर जायच्या आणि चांदण्यांत मिसळायच्या.

एकदा भट्टीला वाटलं, इतकी ऊब आभाळाला फुकट का द्यायची? तिनं हातोड्याकडून धुराड्यावर झाकण बसवून घेतलं. लोखंड भराभर तापू लागलं. दारात नांगराच्या फाळांची रास लागली. धूर मात्र आतच तरंगत राहिला आणि सगळ्यांच्या अंगावर काजळी धरली.

"ही तर आपल्या बरकतीला लावलेली तीट!" भट्टी म्हणाली. "आता कुणाची दृष्ट लागायची नाही."

कोपऱ्यात चामड्याचा भाता खोकला. भट्टीला वारा घालता घालता तो तोच धूर आत ओढत होता.

"भट्टीबाई, जरा झाकण काढा. छाती कोंदलीय."

"तुझं खोकणं नंतर. आधी फाळ."

भाता पुन्हा वारा घालू लागला. त्याचा श्वास आखडत गेला, तसं लाल होणारं लोखंड नुसतं तांबूस होऊ लागलं, मग काळंच राहिलं. थंड लोखंडावर आपटून हातोडा दमला. दारातली रास वाढेनाशी झाली.

भट्टीच्या निखाऱ्यांवर राख चढली. गुंगीत ती पुटपुटली, "ऐरणीबाई, मला थंडी का वाजतेय गं?"

"भात्याला विचार," ऐरण म्हणाली.

भट्टीनं पहिल्यांदाच त्या कोपऱ्याकडे पाहिलं. "भात्या, तुझी छाती कशी आहे रे?"

उत्तर देण्याइतका श्वास भात्याकडे उरला नव्हता.