इंजिनावर सरकारी शिक्का

निंबळगडच्या महाराजांनी हौसेने छोटं विमान घेतलं. त्र्यंबकराव इंजिनियर इंजिनाच्या पेटीचे दोन भाग जोडायला बसले होते आणि तेल गळू नये म्हणून सांध्यासाठी लेप निवडत होते. महाराज गरजले, "आमची खलित्यांवरची लाख लावा, वर शिक्का मारा! तेलाची काय बिशाद बाहेर यायची?"

पहिल्या उड्डाणाला महाराजांशेजारी त्र्यंबकरावच बसणार होते. ते हात जोडून म्हणाले, "जशी आज्ञा. पण शिक्का मोडणाऱ्याला जागच्या जागी अटक, हा सरकारांचाच हुकूम आहे. इंजिन तापलं की लाख वितळणार, म्हणजे शिक्का मोडणारं इंजिनच ठरणार. मग त्याला हवेतच अटक करावी लागेल. तेव्हा सरकार कुठे बसलेले असतील?"

महाराजांनी एकदा आभाळाकडे पाहिलं आणि लाखेची कांडी खिशात घातली.