पाठमोरी जवारी

तारेखालची घोडी नेमकी घासली, तरच सतार झंकारते. यालाच जवारी काढणं म्हणतात. उस्ताद अमीनमियाँ जवारी काढायला बसले, की आधी शागिर्दाकडे पाठ फिरवत. सतारीचे भोपळे खरवडता खरवडता याकूबचे केस पिकले, तरी त्याची उमेदवारी काही संपेना.

पुढे उस्तादांचा हात कापू लागला. दरबारातली सतार जवारीवाचून अडली, तेव्हा ते छाती फुगवून राजेसाहेबांना म्हणाले, "हा याकूब काढील जवारी. माझी सगळी विद्या याला दिलीय."

याकूबनं कानस उचलली आणि भर दरबारात राजेसाहेबांकडे पाठ करून तो नुसता बसून राहिला.

"ही काय बेअदबी?" राजेसाहेब कडाडले.

"सरकार," याकूब न वळता म्हणाला, "उस्तादांनी मला दाखवलं ते एवढंच."

उस्तादांना बोल फुटला नाही. सतारीला तर पुढं कधीच फुटला नाही.