थोरल्या घराचा पंख

एकदा एक वृद्ध कारागीर आपल्या शिष्येला होडीत घेऊन प्रवाहाबरोबर खालच्या गावी निघाला. पुरात वाहून गेलेली एक वस्तू तिथं सापडली होती आणि ती परत आणण्याची जबाबदारी त्यानं स्वतःहून घेतली होती.

फिलिपिन्सच्या दक्षिणेला मरानाव लोकांचा मुलूख आहे. त्यातलं या कारागिराचं नदीकाठचं गाव पितळकाम, विणकाम आणि लाकडावरच्या नक्षीसाठी नावाजलेलं. गावाचं भूषण म्हणजे सरदारांचं थोरलं घर. जाडजूड खांबांवर उभं, आणि दर्शनी तुळयांची टोकं पंखांसारखी बाहेर झेपावलेली. प्रत्येक पंखावर वळणावळणाच्या वेली. दूरदूरचे लोक ते पाहायला येत. नोरहाना ही शहरातली मुलगी अशीच पाहायला आली आणि आमेरोल या वृद्ध कारागिराकडे कोरीवकाम शिकायला राहिली. तिकडेही शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात.

त्या वर्षीच्या पुरात घराचा मधला पंख उखडून गेला. खालच्या गावानं तो आपल्या दारावर लावला आहे, अशी बातमी आली तेव्हा तरुण मंडळी शस्त्रं घेऊन निघण्याच्या बेतात होती. उत्सव तोंडावर आलेला, आणि प्रश्न मानाचा. अशा गोष्टींवरून तिथं पिढ्यान् पिढ्यांची वैरं जडलेली होती.

“आधी मला जाऊ द्या,” गुरो म्हणाले.

खालच्या गावात पुरानं एकही घर उभं ठेवलं नव्हतं. लोकांनी मिळून बांबूचं एक लांबलचक घर बांधलं होतं आणि सगळी कुटुंबं त्यातच राहत होती. दारावर तो पंख होता. गावाच्या प्रमुख बाई सालामा पुढे आल्या.

“कशासाठी आलात ते कळलंय,” त्या म्हणाल्या. “आम्ही चोरला नाही. नदीनं आणून दिला. घर उभं राहिलं, पण आपल्या माणसांचं वाटेना. हा लावला तेव्हा वाटलं. तुमचा आहे, नेणार असाल तर न्या.”

गुरोंनी शिडी मागितली. वर चढून त्यांनी पिशवीतून छिन्नी काढली. बाईंनी मान फिरवली. पण गुरोंनी पंख जागचा हलवलादेखील नाही. पुरात एका वेलीचं टोक मोडलं होतं, तिथं ते नवं वळण कोरू लागले. दुपार कलल्यावर खाली उतरले, बाईंना आदरानं सलाम केला आणि रिकाम्या हातांनी होडीत येऊन बसले.

नोरहानाला राहवेना. “गुरो, ते तुमच्या पणजोबांच्या हातचं काम. त्या द्यायला तयार होत्या, आणि तुम्ही ते दुरुस्त करून तिथंच ठेवलंत. गावाला आता काय सांगणार?”

गुरोंनी होडी प्रवाहाविरुद्ध वळवली. “पणजोबांच्या हातात विद्या होती. ती माझ्यापर्यंत आली, आता तुझ्यापर्यंत येते आहे. पुरानं लाकूड नेलं, विद्या नेली नाही. ज्यांचं सगळं वाहून गेलं, त्यांना दारावर आपली नक्षी असावीशी वाटली. याहून मोठा मान आपल्या गावाला कोण देणार? जुनं नुसतं जपतो तो राखणदार. ते पुन्हा घडवू शकतो तो वारसदार. गावाला सांगेन, आपण वारसदार आहोत. आणि नवा पंख तू कोरशील.”

गावानं ते ऐकलं. तरुण आधी धुसफुसले; मग त्यांतलेच काही जण रानातून कसदार लाकूड घेऊन आले. नोरहानाचे हात सोलवटले, एक वेल बिघडली, ती गुरोंनी तिच्याकडूनच सावरून घेतली. शेवटी नवा पंख थोरल्या घरावर मधल्या जागी चढला.

उत्सवाच्या दिवशी खालच्या गावाच्या होड्या काठाला लागल्या. पुरातून वाचवलेल्या पितळी घंटा घेऊन बाई सालामा स्वतः वाजवायला बसल्या. ज्या तरुणांनी शस्त्रं उचलली होती, त्यांनीच बाईंसाठी चटई अंथरली.

परगावच्या एका पाहुण्यानं वर पंखांकडे बोट दाखवत नोरहानाला विचारलं, “यातला अस्सल कोणता?”

“सगळेच,” ती म्हणाली. “आम्ही अजून कोरतो.”

‘आम्ही’ हा शब्द आपल्या तोंडून गेला, हे तिच्या मागाहून ध्यानात आलं.