फितीवाल्यांची पंगत

"पण पहिल्या पंगतीला मान कुणाचा, बाबा?"

शाल्मलीनं पुन्हा विचारलं. बादलशा फकीर आपल्या तकियाच्या, म्हणजे फकिरी मठीच्या, ओट्यावर अंबाडीची पानं खुडत बसले होते. मान वर न करताच ते म्हणाले,

"भुकेल्याचा."

शाल्मली हसली. "भुकेले तर सगळेच असतात. मी मानाचं विचारतेय."

"मानाची भूक मला ओळखू येत नाही, बेटी. पोटाची येते."

शाल्मली दूरदेशी शिकून आली होती. पृथ्वी का तापतेय, हे तिला नुसतं पाठ नव्हतं, जिवाला लागलं होतं. गावी परतल्यावर तिनं चार सोबती गोळा केले आणि 'हिरवी पंगत' हे मंडळ काढलं. उन्हातान्हात ते खेडोपाडी हिंडत. ताटातलं मटण, दूध, तूप सोडा, म्हणत. ज्वारी, हुलगा, जवस यांना घरी परत बोलवा, पृथ्वीचा ताप आपल्याच ताटापासून उतरेल. ज्याला पटे तो शपथ घेई. शपथ घेतली की मनगटावर हिरवी फीत.

लोक हसले, कुणी कुत्री सोडली, तरी ही मंडळी मागं हटली नव्हती. याचा तिला अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता.

आज तर उरुसाचा दिवस. दरसाल या दिवशी तकियावर कंदुरी व्हायची. बोकड कापून सगळ्या गावाला जेवू घालायचं. यंदा बाबांनी बोकड सोडला आणि चूल शाल्मलीच्या हाती दिली. मात्र एका बोलीवर.

"पंगत तृप्त होऊन उठली, तर तकियावरच्या दर गुरुवारच्या जेवणाची चूल तुझी. एक माणूस जरी उपाशी परतला… तर चूल माझी."

म्हणूनच मांडणीत तिला कसूर नको होती.

"शपथवाल्यांना आधी बसवू," ती म्हणाली. "चिंचेच्या सावलीत. एकेकाचं नाव माइकवर घेऊ. बाकीचे बघतील, त्यांनाही वाटेल आपणही फीत बांधावी. काम वाढायला हवं ना, बाबा?"

बाबांच्या हातातलं पान तिथंच थांबलं…

"आज चूल तुझी. बसव."

दुपारी चिंचेखाली पत्रावळी पडल्या. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि देगभर रटरटणारे हुलग्याचे शेंगोळे. वास ओढ्यापलीकडे गेला. शाल्मली माइकवरून एकेक नाव पुकारू लागली. फितीचा हात वर करून माणसं सावलीत येऊन बसू लागली, तशी शाल्मलीची छाती भरून आली. आपल्याच मातीतलं अन्न, आपलीच माणसं!

बाकीचं गाव तकियाच्या भिंतीकडेला उन्हात उभं होतं.

तेवढ्यात दस्तगीर मुलाणी सावलीत येऊन पत्रावळीवर टेकले. दरसालचा बोकड त्यांच्याच सुरीखाली जायचा. एक कार्यकर्ता धावला.

"चाचा, फीत नाही. तुम्ही दुसऱ्या पंगतीला."

"वा रं वा! बोकड सुटला आणि मी अडकलो होय?"

गाव हसलं. दस्तगीरचाचाही हसत हसत उन्हात गेले.

भिंतीशी बसलेल्या गयाबाई साळवे मात्र हसल्या नाहीत. ओढ्यापलीकडच्या वस्तीतून त्या जावेला घेऊन आल्या होत्या. त्यांनी पदर झटकला आणि उठल्या.

शाल्मली लगबगीनं पुढं झाली. "कुठं निघालात, मावशी? पुढची पंगत तुमचीच आहे."

"पुढची," गयाबाई म्हणाल्या. "माझ्या आईनं जल्मभर पुढचीच पंगत खाल्ली, बाई. पहिली उठली की मग. तवा मनगट बघत नव्हते, जात बघायचे. चल गं, भागीरथे."

"मावशी, हे तसलं नाही हो! हे तर पृथ्वीसाठी…"

"आसंल. पर ऊन तेच हाय."

दोघी ओढ्याच्या वाटेला लागल्या.

सावलीत तोंडाशी नेलेले घास थांबले. शाल्मलीनं बाबांकडे पाहिलं. दोन माणसं उपाशी चालली होती…

बाबा ओट्यावरून उतरले. सावकाश तिच्यापाशी आले आणि हात पुढं केला.

"फीत दे."

"बाबा… तुम्ही शपथ घेताय?" क्षणभर ती सगळं विसरली. तिनं स्वतःच्याच मनगटावरची फीत सोडली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

बाबांनी ती मनगटाला लावली नाही. ते देगीपाशी गेले आणि तिच्या काळ्या कडीला ती हिरवी फीत बांधली. अगदी नीट, गाठ मारून.

"हिच्या पोटात मटण आहे?"

"नाही."

"तूप?"

"थेंबभरसुद्धा नाही!" तिच्या आवाजात अजून ताठा होता.

"मग हिच्यातलं जेवणाऱ्यांत शपथ घ्यायचं राहिलं कोण?"

शाल्मली उभीच राहिली. देगीकडं बघत… मग उन्हातल्या त्या भिंतीकडं.

तिनं माइक खाली ठेवला आणि अनवाणीच पळत सुटली.

ओढ्याच्या काठावर तिनं दोघींना गाठलं. धाप लागली होती.

"मावशी… जेवायला चला."

"कितव्या पंगतीला?"

तिच्यापाशी उत्तरं खूप होती. परदेशातली, पुस्तकातली, भाषणातली. त्यातलं एकही इथं चालणारं नव्हतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पंगत मोडलीय. कुठून मांडायची, ते तुम्ही येऊन सांगा."

गयाबाईंनी तिच्या उघड्या मनगटाकडे पाहिलं. मग पायांकडे. तापल्या धुळीत ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होती.

"शेंगोळ्यात मीठ तरी घातलंय का?"

"चाखून बघा आणि सांगा."

"तू पळत आलीस तशी परत पळू नको. पाय भाजतील," गयाबाई म्हणाल्या आणि माघारी वळल्या.

तकियावर येऊन बघतात तो फितीवाल्यांनी आपापल्या पत्रावळी उचलल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. देगीभोवती एकच वाटोळी पंगत बसली होती, अर्धी सावलीत, अर्धी उन्हात. फितीवाले उन्हात सरकले होते आणि दस्तगीरचाचा चिंचेला टेकून मोठमोठ्यानं ओरडत होते.

"अरे, रस्सा वाढा की! बोकडाला सुट्टी दिली, म्हणून तिखटालाही दिली काय?"

गयाबाई सावलीत बसल्या. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, चाखला. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"बरंय," त्या म्हणाल्या. मग मान ताठ करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "येत्या गुरुवारी हुलगं माझ्या रानातलं. त्याच्यासारखं पंचक्रोशीत नाही."

बाबांनी शाल्मलीकडे पाहिलं.

"ऐकलंस? चूल तुझी झाली."

तिचे डोळे भरून आले. पण ती शाल्मली होती; तिच्या मनातला प्रश्न काही गप्प बसेना.

"पण बाबा… शपथ नाही, फीत नाही, माइकवर नाव नाही. मग हे काम वाढणार कसं?"

बाबांनी देगीतलं वगराळं रश्श्यानं काठोकाठ भरलं आणि तिच्या हातात दिलं.

"वाढून."