तिळभर मागे ओढलेली किल्ली

एकदा एका वृद्ध कारागिराच्या दारात एक जुनी मोटार आली. पण चालत नव्हे, दुसऱ्या गाडीमागे दोरखंडाला बांधून. ओढून आणणाऱ्यांनी दोर सोडला, हात झटकले आणि ते निघून गेले. डाव्या बाजूला बसलेला व्यापारी मात्र बराच वेळ खाली उतरला नाही.

कारागीर मोटारींची लॉके आणि स्विच दुरुस्त करीत असे. गावाबाहेर जुन्या जकात नाक्यामागे त्याची शेड होती. तिला एक लाकडी दार होते आणि तो तिथेच एकटा राहत असे. बायकामुलांविषयी कोणी विचारले की तो खाली वाकून कानस शोधू लागे. कानस समोरच पडलेली असली तरी शोधू लागे. त्यामुळे लोकांनी विचारणे सोडून दिले होते. हाताखाली एक शिष्य होता, तिशी ओलांडलेला, कामात चोख, आणि आपण चोख आहोत हे पुरते ओळखून असलेला. शेडच्या दाराची एक फळी झिजली आहे म्हणून त्याने नवी फळी आणून ठेवली होती. वस्ताद ती बसवू देत नव्हते, एवढीच त्याची तक्रार.

व्यापारी भुसार मालाचा होता. त्याच्या घरी गाडी चालवीत असे ती त्याची बायको. शेठजी डावीकडचे, म्हणून बाजारात थट्टा होई. पण शेठजींना त्याचे काही वाटत नसे. दुकान येईपर्यंत वर्तमानपत्र उघडून ते बाजारभाव वाचत. गेल्या वर्षी ती वारली. मग या गृहस्थाने साठी उलटल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले, मिसरूड फुटलेल्या मुलांच्या रांगेत बसून गाडी शिकला आणि लायसन्स काढले. शिकवणीची गाडी त्याच्या हाताने चालली. घरची चालेना, कारण तिची किल्लीच फिरत नव्हती. शेजारी आले, मेकॅनिक आले, सगळ्यांनी खटपट करून पाहिली. शेवटी एकाने सल्ला दिला की हा स्विच उपटून फेका आणि बटण बसवा. तेव्हा व्यापाऱ्याला धसका बसला आणि तो इथे आला.

सगळे सांगून झाल्यावर तो कारागिराला म्हणाला, "मिस्त्री, ती म्हणायची, ही माझंच ऐकते. इतकी वर्षं मी शेजारी बसलो. तिचा हात काय करत होता, ते मला ठाऊक नाही. माझ्याच गाडीत मी परका झालोय."

शिष्याला यात काहीच अवघड वाटले नाही. किल्लीचे दाते गुळगुळीत झाले होते, आणि लॉकच्या आतल्या ज्या पितळी पट्ट्या दात्यांवर उचलल्या जातात त्याही झिजल्या होत्या. नव्या पट्ट्या, नवी किल्ली, अर्ध्या दिवसाचे काम. त्याने लॉक काढले आणि नेहमीच्या सवयीने किल्ली रॉकेलमध्ये बुडवून चिंधीने लख्ख पुसली. वस्तादांनी थांबवण्यासाठी हात उचलला होता, पण तोवर पुसून झाले होते.

"पुसलीस?" एवढेच ते म्हणाले, आणि किल्ली उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. शिष्याला त्याचे कारण कळले नाही.

त्यानंतर जे सुरू झाले ते त्याला मुळीच समजेना. वस्ताद ते लॉक तळहातावर घेऊन कानाशी धरीत, किल्ली आत घालीत, काढीत, किंचित कलती करीत, वर दाबीत, खाली दाबीत, आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसामागून दिवस हेच चालले. शिष्याने इकडे नव्या पट्ट्या घासून एका डब्याच्या झाकणात मांडून ठेवल्या, गाडीची बॅटरी चार्ज करून आणली, तरी वस्ताद त्या झाकणाकडे पाहीनात. दुसरी कामे तुंबली. व्यापारी रोज दुपारी रिक्षाने येई, आपल्या बंद गाडीत डाव्या बाजूला बसून डबा खाई आणि काही न विचारता परत जाई. शिष्याला त्याच्याकडे पाहवत नसे. त्याला राग यायचा तो वस्तादांचा. वस्तादांचे आता वय झाले, असे तो गिऱ्हाइकांना हळूच सांगूही लागला.

मग एका सकाळी लॉक बारीक आवाज करून फिरले. वस्तादांनी तीच हालचाल पुन्हा करून पाहिली, आणि ते पुन्हा फिरले. त्यांनी लगेच शिष्याला सांगितले की हे आहे तसे गाडीत बसव.

"पट्ट्या न बदलता?"

"न बदलता."

दुपारी व्यापारी आला तेव्हा वस्तादांनी त्याला उजवीकडे बसायला लावले. तो कसाबसा टेकला, दुसऱ्याच्या पाटावर बसावे तसा. वस्ताद खिडकीशी उभे राहून सांगू लागले. किल्ली पुरती आत घाला. आता तिळभर मागे ओढा. अंगठा खालून लावा आणि किल्ली हलकेच वर उचला. आता फिरवा.

पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा किल्ली फिरली, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, इंजिन खोकले, धुराचा लोट निघाला आणि गाडी सुरू झाली.

व्यापारी आपल्या हाताकडे पाहत होता. "अंगठा असाच वर जायचा तिचा," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोरून गेलंय हे. रोज गेलंय." मग स्टेअरिंगवर डोके टेकून तो रडला. वस्तादांनी शिष्याला शेडमध्ये ओढून नेले आणि त्या माणसाला त्याच्या गाडीपाशी एकटे राहू दिले. बाहेरून इंजिन बंद झाल्याचा आणि पुन्हा सुरू झाल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

ऊन कलल्यावर वस्ताद म्हणाले की आता लॉक काढ आणि त्या नव्या पट्ट्या घाल.

 हेच करायचे होते तर इतके दिवस कशाला घालवले, असे शिष्याने विचारलेच. वस्ताद म्हणाले,

"लॉक झिजलेलं होतं, ते बदलायलाच हवं. आज ना उद्या भर रस्त्यात अडकलं असतं, आणि तो आता एकटा आहे, त्याची गाडी ढकलायला कोण येणार? पण त्या बाईने रोज सकाळी हाताने जे केलं, ते फक्त या पितळेत उरलं होतं. नवऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. आधी पट्ट्या बदलल्या असत्या तर गाडी चालू झाली असती, आणि तिचा हात कायमचा गेला असता. झीज आधी वाचावी बाबा, कुणाच्या हाताची आहे ती. मग खुशाल दुरुस्त करावं."

"आणि मी किल्ली पुसली," शिष्य म्हणाला.

"ती कुठवर आत जायची, त्याची रेघ होती तिच्यावर. तुला तो मळ दिसला. मी इतके दिवस तीच रेघ शोधत होतो."

शिष्याने मान खाली घालून पट्ट्या बसवल्या, स्विचचे काळे पडलेले पितळ घासून साफ केले आणि नवी किल्ली व्यापाऱ्याच्या हातात दिली. आता काही करावे लागणार नाही, सरळ फिरवा, असे त्याने बजावले. व्यापाऱ्याने मान डोलावली. किल्ली पुरती आत घातली. मग ती तिळभर मागे ओढली, आणि अंगठा खालून वर नेला. लॉक हलले नाही. शिष्य सांगायला पुढे झाला, पण वस्तादांनी त्याचे कोपर धरले. व्यापारी क्षणभर तसाच थांबला. मग त्याने किल्ली पुन्हा आत सारली, सरळ फिरवली, आणि डावीकडची रिकामी जागा घेऊन तो गावाच्या रस्त्याला लागला.

दिवेलागणीला वस्ताद शेडचे दार लावू लागले. दार जड होते. एका हाताने वर उचलून दुसऱ्याने कडी घालावी लागे. शिष्याची नजर त्या झिजलेल्या फळीवर गेली. दार उचलताना वस्तादांचा हात पडत होता वर, कडीच्या बरोबरीने. झिजून गुळगुळीत झालेली जागा मात्र वीतभर खाली होती. तिथे त्यांचा हात कधी पोहोचतच नव्हता. इतकी वर्षे रोज संध्याकाळी त्याने वस्तादांना हे दार लावताना पाहिले होते.

आपण आणलेली नवी फळी त्याने उचलून मागच्या अडगळीत ठेवली. परत येऊन त्याने विचारले, "वस्ताद, हे दार आधी कोण लावायचं?"

कानस बाकावर समोरच पडलेली होती. वस्तादांनी तिच्याकडे पाहिले, मग ती उचलून बाजूला ठेवली, आणि बाकावर त्याच्यासाठी जागा केली.